फ्लाय रॉड घेतला, आता टाकायचा कुठे?

उन्हाळ्याच्या सहली आटोपून लोक परतले की प्रश्न सुरू होतात. हिमाचलात तीर्थनच्या काठी कुणीतरी डोक्यावरून लांबलचक दोर फिरवत असतो, तो अलगद पाण्यावर टेकतो आणि दुसऱ्या क्षणी ट्राउट लागतो. हे पाहिलेला माणूस घरी येऊन रॉड मागवतो. मग तो रॉड खारघरच्या चौदाव्या मजल्यावर दाराआड उभा राहतो आणि मला विचारणा होते.

प्रश्न साधारण तीनच असतात. नवी मुंबईच्या जवळपास ट्राउट कुठे मिळतो? मिळत नसेल तर गाढी नदीत सोडता येईल का? तिसरा प्रश्न मला करावे गावातल्या एका मुलाने विचारला होता: "काका, आमचे आजोबा गरीने जिताडा काढायचे. तो फ्लायला लागेल का?"

पहिल्या दोन प्रश्नांना दोन परिच्छेद पुरतील. उरलेला लेख त्या मुलासाठी आहे.

ट्राउटचं काय?

ट्राउट हा थंड आणि वाहत्या पाण्याचा मासा आहे. पाणी २० अंशांच्या वर जायला लागलं की त्याचं खाणं मंदावतं, आणखी तापलं की तो जगत नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये ओढ्याच्या सावलीतलं पाणीसुद्धा त्याला सोसणार नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही नदीत ट्राउट नाही. भारतात तो आहे तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा उंच जागी. तिथेही तो मूळचा नाही. इंग्रजांनी अंडी बर्फात घालून आणली आणि उबवणी केंद्रं बांधून वाढवला. निलगिरीत फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये केलेला पहिला प्रयत्न तर फसलाच होता.

गाढीत सोडायचा विचार डोक्यातून काढून टाका. परका मासा पाण्यात सोडला की काय होतं, ते चिलापीने आपल्या तळ्यांमध्ये दाखवलं आहे. ती एकदा शिरली की बाहेर जात नाही आणि गावठी मासे मागे पडतात.

आता तुमच्यापुढे तीन वाटा आहेत:

- खाडीच्या काठावर जिताडा आणि तांब यांच्या मागे लागणं. जवळचं, अवघड आणि सगळ्यात मजेचं.
- तळ्यात किंवा धरणात परवानगी काढून चिलापी आणि मरळ. शिकायला सोपं.
- वर्षातून एकदा ट्राउटच्या मुलखात जाणं. खर्चिक, पण इथे सराव केला असेल तर पैसे वसूल होतात.

सामान: दुकानदार सांगेल त्याच्या निम्मं

साध्या गळाला शिसं लावतो, ते शिसं दोरा ओढत नेतं. फ्लाय म्हणजे गळावर पिसं बांधून केलेलं खोटं आमिष. तिला वजन नसतं, म्हणून इथे वजन दोराला दिलेलं असतं. जाड, प्लास्टिकचा थर दिलेला दोर फेकायचा आणि त्याच्या टोकाची फ्लाय आपोआप मागे जाते. एवढं कळलं की रॉडवरच्या आकड्याचा अर्थ लागतो. तो दोराच्या वजनाचा आकडा आहे. रॉड ५ नंबरचा असेल तर दोरही ५ नंबरचा घ्या. बरेच लोक इथेच चुकतात आणि मग "रॉड खराब निघाला" म्हणतात.

- ट्राउट आणि चिलापी: ९ फुटी, ५ नंबरचा रॉड, तरंगता दोर.
- खाडी: ९ फुटी, ८ नंबर. वारा आणि जिताडा दोन्ही सांभाळायचे असतील तर याखाली उतरू नका.
- दोराच्या टोकाला निमुळता होत जाणारा ९ फुटी नायलॉनचा लीडर. जिताड्यासाठी त्याच्या शेवटी फूटभर जाड नायलॉन जोडा. त्याचं तोंड कानशीसारखं खरखरीत असतं आणि कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी. बारीक दोरा तो सहज घासून तोडतो.
- रीळ खाडीसाठी असेल तर खाऱ्या पाण्यात टिकणारंच हवं. घरी आलात की रॉड, रीळ, दोर गोड्या पाण्याने धुवा. त्याच रात्री धुवा. रविवारवर ढकललेल्या धुण्याने माझं एक चांगलं रीळ कायमचं जाम झालं.

फ्लाय किती हव्यात? दहा पुरेत. चिलापीसाठी तपकिरी आणि काळ्या बारीक निम्फ चार, मरळासाठी तरंगणारे बेडकासारखे दोन, खाडीसाठी पांढऱ्या आणि कोळंबीच्या रंगाच्या चार. पेटीभर फ्लाय घेतलेला माणूस दिवसभर गाठीच बदलत बसतो. माझ्या ओळखीच्या जुन्या गळवाल्यांपैकी एकानेही आमिष सारखं बदललेलं मी पाहिलं नाही. ते जागा बदलायचे, खोली बदलायचे, वेळ बदलायचे.

फ्लाय स्वतः बांधायच्या असतील तर कोंबड्याच्या मानेची पिसं चिकनवाला फुकट देतो. पण रानकोंबड्याच्या पिसांचा मोह टाळा. सह्याद्रीतल्या या पक्ष्याच्या मानेवर मेण लावल्यासारखे चमकणारे ठिपके असतात. जुन्या इंग्रजी सामन फ्लायमध्ये ते वापरले जात आणि त्यासाठी इथून पिसांची निर्यातही होत असे. आज हा पक्षी वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. कुणी "जुना साठा आहे" म्हणून विकत असेल तरी घेऊ नका.

सराव पाण्याविना

फ्लायचा गळ काढून टाका, त्या जागी लाल लोकरीचा गोंडा बांधा आणि सकाळी लवकर एखाद्या मोकळ्या मैदानात जा. रॉड घड्याळाच्या काट्यासारखा समजा: मागे एकपर्यंत, पुढे दहापर्यंत. मागे नेल्यावर थांबा. दोर मागे पूर्ण उलगडू द्या, मगच पुढे आणा. उलगडायच्या आत ओढलात तर चाबकासारखा आवाज येतो. पाण्यावर असा आवाज आला की फ्लाय तुटून गेली असं समजा. पंचवीस-तीस फूट दोर सरळ पडायला लागला की खाडीवर जायला हरकत नाही. त्याहून लांबची फेक बघणाऱ्यांसाठी असते. मासे बहुतेक वेळा जवळच असतात.

दुपारनंतर आपल्याकडे पश्चिमेचा वारा जोर धरतो. नवशिक्यांनी सकाळ सोडू नये. चष्मा आणि टोपी घातल्याशिवाय फ्लाय फेकू नका. मागे कोण उभं आहे हे दर वेळी वळून बघा. जेट्टीवर पोरं हमखास मागे येऊन उभी राहतात.

खाडीचं पाणी वाचायचं कसं

मला गळ टाकायला शिकवलं ते दिवाळे गावच्या एका आजोबांनी. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, एक गळ, जिवंत कोळंबी. ते जेट्टीवर आले की पहिली पंधरा मिनिटं काठी बाजूला ठेवून बसायचे. विडी संपेपर्यंत पाण्याकडे बघायचे. मी घाई केली की म्हणायचे, "थांब रे, पाणी फिरू दे." पुढे अनेक वर्षांनी हिमाचलात एका म्हाताऱ्या गाइडने मला ट्राउटच्या डोहाशी नेमकं तसंच बसवून ठेवलं. पाण्यात उतरायच्या आधी मासा कुठे उभा आहे ते हेरायचं, कमीत कमी दोर सोडायचा आणि एकच फ्लाय नीट टाकायची. जुन्या पद्धतीची ट्राउट फिशिंग म्हणतात ती हीच. आजोबांनी ट्राउट जन्मात पाहिला नव्हता.

तर तुम्हीही भरती-ओहोटीपासून सुरुवात करा. खाडीत दिवसातून दोन भरत्या येतात, आणि रोज त्या सुमारे ५० मिनिटं पुढे सरकतात. मोबाइलवर तक्ते मिळतात, तरी किनाऱ्यावरचा जुना हिशेब पाठ असू द्या: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं असतं. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होतो. शिवाय मुंबई बंदराची भरतीची वेळ आणि वाशी-ऐरोलीची वेळ एक नसते. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जोरात चढतं, तळाचा गाळ उठतो आणि खाडी चहासारखी होते. आमिषाच्या गळाला तेव्हाही मासा लागतो, कारण तो वासावर येतो. फ्लायला वास नसतो. ती दिसली तरच मासा येणार. म्हणून फ्लायवाल्यांनी भांगाचे दिवस धरावेत, अष्टमीच्या मागचेपुढचे दोन-तीन. पाणी संथ असतं आणि त्यातल्या त्यात निवळ. भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटी लागल्यावरचा पहिला तास, एवढीच वेळ कामाची.

जागा कशा ओळखाल:

- खांबाच्या, खडकाच्या किंवा जेट्टीच्या कोपऱ्याच्या मागे जिथे प्रवाह मोडून भोवरा होतो तिथे जिताडा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. फ्लाय प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका आणि वाहत त्याच्यापर्यंत जाऊ द्या.
- उरण-पेणकडे खारबांधांना उघाड्या असतात. ओहोटीला उघाडीतून पाणी सुटतं आणि त्यासोबत कोळंबी बाहेर येते. मासे तिथे जेवायलाच आलेले असतात. मात्र उघाडी आणि आतलं तळं कुणाच्या तरी मालकीचं असतं. विचारल्याशिवाय बांधावर चढू नका.
- पृष्ठभागावर बोयांचा थवा एकदम उधळला की खाली शिकारी आहे असं समजा. बोयांच्या मागे लागू नका. ती शेवाळ आणि गाळ चाटून जगते, फ्लायकडे ढुंकूनही बघत नाही.

जिताड्याने फ्लाय घेतली की ट्राउटच्या सवयीने रॉड वर उचलू नका. त्याचं तोंड कठीण असतं, गळ रुतत नाही. रॉड पाण्याकडेच रोखून ठेवा आणि डाव्या हाताने दोर सरळ खेचा. हे वाचायला सोपं वाटतं. माझे पहिले तीन जिताडे असेच गेले.

करावेच्या मुलाला मी हेच सांगितलं: लागतो, पण तुझ्या आजोबांच्या कोळंबीला दहा लागत असतील तिथे तुझ्या फ्लायला एक लागेल.

कुठे टाकायचा नाही

हा भाग लक्षपूर्वक वाचा. दंडाच्या, जप्तीच्या आणि भांडणांच्या बहुतेक गोष्टी इथूनच निघतात.

- ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा सुमारे १,६९० हेक्टरचा हा पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला. २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. इथे वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथे मासेमारी करणाऱ्या कोळ्यांकडे बोट दाखवून "ते करतात, मग मी का नको" म्हणू नका. त्यांची ती उपजीविका आहे, तुमचा तो रविवार आहे. हद्दीबद्दल शंका असेल तर कांदळवन कक्षाच्या ऐरोलीच्या केंद्रात विचारा.
- कांदळवन. फेकायला जागा व्हावी म्हणून एक फांदीही तोडू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनांची नासधूस हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला मानला आहे, आणि भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिलं आहे.
- मोरबे धरण. नवी मुंबई पितं ते हे पाणी. रॉड घेऊन तिथे जाऊच नका.
- रेल्वे पूल, बंदराची आणि नौदलाची हद्द. फलक वाचा आणि मागे फिरा.
- देवाचे मासे. महाडजवळ वाळण कोंडीत आणि वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेत महसीर आहेत. देवस्थानामुळे गावकऱ्यांनी ते राखले आहेत. तिथे चुरमुरे घेऊन जा, रॉड गाडीत राहू द्या. महसीर फ्लायला लागतो हे ऐकून काहींना तिथेच जायची हुक्की येते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुमचे हक्क आणि समोरच्याचे

राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी अधिनियम परवाने देतो ते नौकांना. पावसाळ्यातली १ जून ते ३१ जुलै ही बंदीही यंत्राच्या नौकांवर असते. त्या काळात होडीवाला "चालतंय हो" म्हणाला तरी त्याच्या इंजिनाच्या होडीतून मासे धरायला जाऊ नका. पकडलं तर होडी त्याची जाईल. एरवी होडी ठरवताना लाइफ जॅकेट अंगावर चढवूनच पाय ठेवा.

जेट्टी सार्वजनिक असली तरी ती होड्यांसाठी बांधलेली आहे. होडी लागत असेल तर दोर गुंडाळा, जागा द्या, जाळी वाळत असतील तर त्यावरून चालू नका. कुणी पैसे मागितले तर पावती मागा. पावती देणारा असेल तर पैसे द्या, नसेल तर नम्रपणे नकार द्या.

तळी आणि धरणं यांचं गणित वेगळं आहे. तिथल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा एखाद्या ठेकेदाराकडे असतो. त्याने बीज सोडलेलं असतं, पैसे भरलेले असतात. त्याच्या परवानगीशिवाय टाकलेला गळ ही त्याच्या लेखी चोरीच. संस्थेच्या सचिवाला भेटा, दिवसाचे पैसे ठरवा, चिठ्ठीवर लिहून घ्या. "चिलापी काढतो, रोहू-कटला लागला तर सोडतो" असं सांगितलंत तर बहुतेक जण हसून हो म्हणतात. शिकवणारं कुणी हवं असेल तर पवई तलावावरच्या महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनकडे सभासदत्वाची चौकशी करा. जुनेजाणते गळवाले तिथे भेटतात.

मासा हातात आल्यावर

लहान सोडा, मोठा ठेवा असा आपला रिवाज. जिताड्याच्या बाबतीत मोठाही सोडावा. हा मासा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळ्यात थोराड जिताडे बहुतेक माद्याच असतात, आणि पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालायला त्याच जातात. मधल्या आकाराचा एखादा घरी न्या.

सोडायचा असेल तर गळाचा काटा आधीच पक्कडीने दाबून सपाट करा, हात ओले करा, मासा पाण्याबाहेर काढायचं टाळा. फोटोसाठी काढलाच तर तुम्ही श्वास रोखून धरा. तुमचा श्वास संपला की त्याचाही संपला.

आणि खायचा असेल तर कुठल्या पाण्यातला आहे ते बघा. तळोज्याच्या औद्योगिक पट्ट्यात २०१७ मध्ये कुत्री निळी झालेली आठवत असतील. कासाडीच्या तोंडाशी किंवा एमआयडीसीच्या नाल्यांजवळ लागलेला मासा मी घरी नेत नाही. बाकीचे नेतात.

इजा आणि धोके

- शिंगाळा किंवा चिवणी लागली तर पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे सांभाळा. ते विषारी असतात. काटा घुसलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-एक तास बुडवून ठेवा, मग डॉक्टर. पाकटाच्या शेपटीलाही हाच उपाय, फक्त डॉक्टर आधी.
- गळ बोटात काट्यासकट रुतला तर ओढू नका. दोरा कापा आणि दवाखान्यात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.
- ओहोटीला उघडा पडलेला चिखल टणक दिसतो, पण मांडीपर्यंत आत नेतो. मी एकदा बेलापूरजवळ दोन्ही बूट त्यातच सोडून पोटावर सरपटत बाहेर आलो आहे. जेट्टी किंवा दगडी बांध सोडून उतरू नका.
- कार्बनचा रॉड विजेचा उत्तम वाहक आहे. ढग गडगडले की खाली ठेवा. डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तिथे तो उचलूच नका.

ट्राउटला जायचंच असेल तर

हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते, कारण तो त्यांचा विणीचा काळ. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन पस्तावलेली नवी मुंबईकर कुटुंबं मी पाहिली आहेत. मार्चनंतर जा. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नद्या गढूळ आणि फुगलेल्या असतात, त्यामुळे मार्च-एप्रिल किंवा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. काश्मीरचा हंगाम वेगळा. तिथे नदीचे 'बीट' म्हणजे ठरलेले टप्पे असतात आणि ते राखून ठेवावे लागतात.

दोन्हीकडे परवाना मत्स्य विभागाचा. हॉटेलवाल्याने "सगळं बघतो" म्हटलं तरी परवाना तुमच्या नावाचा आहे का, कुठल्या टप्प्याचा आहे, दिवसाला किती मासे ठेवता येतात आणि फक्त फ्लायच चालते की स्पिनरही, हे कागदावर वाचून घ्या. रॉड विमानाच्या केबिनमध्ये नेता येईल असं धरून चालू नका. चार तुकड्यांचा असेल तर नळीत घालून मोठ्या बॅगेत भरा. गळ आणि पक्कडही त्यातच. गाइड ठरवताना गावातलाच ठरवा, आणि पहिल्या डोहाशी त्याने बसायला सांगितलं तर बसा.